माणसे आजची, वाटे 2011 चे

केंद्राच्या वित्त आयोगाकडून आणि राज्य सरकारकडून येणारा पैसा नगर निगम, नगरपालिका, नगर परिषदा आणि ग्रामपंचायती यांच्यात वाटला जातो, तेव्हा त्या वाटपात सर्वांत अधिक वजन लोकसंख्येला असते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी देशभरातील स्थानिक संस्थांना 4,36,361 कोटी रुपये देण्याची शिफारस केली. त्यातील मुख्य अनुदाने राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला 90 टक्के आणि क्षेत्रफळाला 10 टक्के भार देण्यात आला. राज्याच्या आत पुढची वाटणी राज्य वित्त आयोगाच्या स्वीकृत शिफारशींप्रमाणे व्हावी, आणि तशा शिफारशी नसतील तिथे हेच 90 आणि 10 चे प्रमाण लावावे, असेही सांगितले गेले. हिशेब सरळ आहे आणि तत्त्व म्हणून मला तो मान्य आहे. माझी तक्रार त्यातल्या आकड्याविषयी आहे. ही लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची आहे. 2021 ची जनगणना झाली नाही, पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन 1 मार्च 2027 असा ठरला आहे, आणि गाव व वॉर्डपातळीवरचे तक्ते त्यानंतरच हाती येतील. ज्या माणसांच्या संख्येवर आपण पाणी, गटारे आणि रस्ते यांचा पैसा वाटतो, त्यांतील कितीतरी माणसे त्या गणनेनंतर जन्मली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कितीतरी माणसे त्यानंतर एका गावातून उठून दुसऱ्या शहरात राहायला गेली.

इंदूरमध्ये राहणाऱ्याला या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही. 2001 ते 2011 या दहा वर्षांत इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 24.65 लाखांवरून 32.76 लाखांवर गेली, म्हणजे जवळजवळ 33 टक्क्यांनी वाढली. त्याच काळात मध्य प्रदेशाची वाढ 20 टक्क्यांच्या आसपास होती. त्यानंतर राज्यातील जननदर आणखी खाली आला. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशाचा एकूण जननदर 2.0, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी दोन मुले, इतकाच आढळला. पाळणा इतका लांबलेला असताना एखादे शहर फुगत असेल, तर ती वाढ मुख्यतः स्थलांतराची असते. निमाडातून, झाबुआ आणि अलीराजपूरकडून, बुंदेलखंडातून आणि खुद्द आपल्या खानदेशातूनही माणसे इथे येतात. कोणी बांधकामावर, कोणी दुकानात, कोणी भंवरकुआँ परिसरातल्या शिकवणी वर्गांसाठी.

स्थलांतराने होणारी वाढ आणि जन्माने होणारी वाढ यांचा महसूल वाटपावरचा परिणाम सारखा नसतो. जन्माने लोकसंख्या सर्वत्र कमीअधिक सारख्या गतीने वाढली, तर जुना आकडा वापरला तरी वाटे फारसे बिघडत नाहीत, कारण वाटणीत मोजला जातो तो प्रत्येकाचा परस्परांशी असलेला हिस्सा. स्थलांतरात मात्र एकीकडची वजाबाकी दुसरीकडची बेरीज होते. समजा, 100 कोटींचा निधी दोन नगरांत वाटायचा आहे, आणि 2011 मध्ये एकाची लोकसंख्या 4 लाख आणि दुसऱ्याची 6 लाख होती. पहिल्याला 40 कोटी आणि दुसऱ्याला 60 कोटी मिळतील. दोन्हीकडे माणशी 1,000 रुपये. आता पहिले नगर 8 लाखांचे झाले आणि दुसरे 6 लाखांवरच राहिले, पण वाटे जुनेच ठेवले, तर पहिल्या नगरात माणशी 500 रुपये येतात आणि दुसऱ्यात 1,000. कोणाचाही हक्क कागदावर काढून घेतलेला नाही, कोणताही आदेश निघालेला नाही, आणि तरीही वाढत्या नगरातल्या प्रत्येक माणसाचा वाटा अर्धा झालेला आहे.

याच उदाहरणाची दुसरी बाजू वाढत्या शहरांचे वकील सहसा सांगत नाहीत. नवी जनगणना आली आणि एका फटक्यात नवे वाटे लागू केले, तर पहिल्या नगराला सुमारे 57 कोटी मिळतील आणि दुसऱ्याला 43. दुसऱ्या नगरातून एकही माणूस कमी झालेला नाही; त्याचे सफाई कामगार तितकेच आहेत, पंप तितकेच आहेत, विजेचे बिल तितकेच आहे, आणि उत्पन्न मात्र चौथ्या हिश्श्याहून अधिक घटले आहे. पंधरा-सोळा वर्षे आकडा गोठवून ठेवण्याचा खरा धोका इथे आहे. दरवर्षी थोडेथोडे व्हायला हवे होते ते बदल एकाच वर्षात अंगावर येतात, मग ज्यांचे नुकसान होते ते ओरड करतात, आणि त्या ओरडीला घाबरून राज्यकर्ते जुना आकडाच पुढे रेटतात. इंदूरचा माणूस म्हणून माझा कल उघडच वाढत्या शहराकडे असायला हवा. पण या प्रश्नात वाढत्या आणि थांबलेल्या अशा दोन्ही गावांची बाजू एकत्र धरल्याशिवाय न्याय्य सूत्र निघत नाही, असे माझे ठाम मत आहे.

लोकसंख्येच्या आकड्याइतकीच शहराची हद्दही यात महत्त्वाची आहे. 2014 मध्ये इंदूर नगर निगमात 29 गावे समाविष्ट झाली आणि वॉर्डांची संख्या 69 वरून 85 झाली. निपानिया, बिचोली, कनाडिया ही नावे तेव्हापासून शहराच्या नकाशात आली. या गावांची लोकसंख्या नगर निगमाच्या खात्यात जमा धरायची, तर ती 2011 ची, म्हणजे तिथे शेते आणि मोजकी घरे होती तेव्हाची धरावी लागते. शहराच्या मधल्या भागात 2011 चा आकडा निदान वस्तुस्थितीच्या जवळपास असू शकतो, पण काठावरच्या या गावांत तो सर्वाधिक चुकीचा असतो, आणि नेमक्या तिथेच जलवाहिन्या, गटारे, रस्त्यावरचे दिवे हे सगळे पहिल्यापासून उभारायचे असते. समाविष्ट गावांतल्या अनेक वस्त्यांना नर्मदेच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. त्याचा सगळा दोष नियोजनशून्यतेवर टाकण्याआधी, खर्च आजच्या माणसांचा आणि वाटा कालच्या माणसांचा या विसंगतीकडेही पाहायला हवे.

हद्दीच्या अगदी कडेला सकाळी सातच्या सुमारास उभे राहिले की हा प्रश्न डोळ्यांना दिसतो. रस्त्याच्या अलीकडे नगर निगमाची पिवळी गाडी येते, तिच्यामागे ओला, सुका आणि इतर कचरा टाकण्यासाठी वेगवेगळे कप्पे असतात, आणि एखाद्या घराने दोन्ही प्रकारचा कचरा एकत्र आणला तर गाडीवरचा कर्मचारी तो परत करतो. पलीकडे तशाच उंचीच्या इमारती, तशाच गाड्या, तशीच शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले, पण तिथे पाण्याचा टँकर आलेला असतो आणि त्याची जाड नळी सोसायटीच्या भूमिगत टाकीत सोडलेली असते. पलीकडची बाजू ग्रामपंचायतीची आहे. तिथला सरपंच काही हजार माणसांसाठी ठरलेल्या अनुदानातून बहुमजली वसाहतींचे सांडपाणी कुठे न्यायचे याचा विचार करत असतो. अशा वस्त्यांना जनगणनेच्या भाषेत जनगणना नगर म्हणतात: किमान 5,000 लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसे आणि कामकरी पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात, पण कारभार मात्र पंचायतीचा. 2001 मध्ये देशात अशी 1,362 नगरे होती, 2011 मध्ये ती 3,894 झाली. पुढच्या गणनेत इंदूरच्या भोवती त्यांची रांग लागलेली दिसेल, याविषयी मला शंका नाही.

माणसांची संख्या हा खर्चाचा एकमेव मापदंडही नाही. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे आणि त्याचे पाणी खाली निमाडात, जलूदजवळच्या नर्मदेतून, सुमारे 70 किलोमीटर अंतरावरून वर चढवून आणले जाते. 1978 पासून हे चालू आहे आणि दरवेळी शहर वाढले की नवा टप्पा जोडावा लागतो. या पंपांच्या विजेचा भार इतका मोठा आहे की जलूदच्या 60 मेगावॉटच्या सौरऊर्जा प्रकल्पासाठी नगर निगमाने 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे बाजारात आणले. नदीकाठच्या एखाद्या नगराला माणशी जितके अनुदान मिळते, तितकेच पठारावरच्या शहराला मिळत असेल, तर कागदावरची समानता प्रत्यक्षात समानता राहत नाही. त्यात दिवसाच्या लोकसंख्येचा भार वेगळाच. देवास, महू, उज्जैन, पीथमपूर इथून रोज येणारी माणसे, एमवाय या मोठ्या सरकारी रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतून येणारे रुग्ण, सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री उशिरापर्यंत फिरणारे पाहुणे, हे सगळे इंदूरचे रस्ते आणि शौचालये वापरतात, पण गणनेत आपापल्या गावी मोजले जातात. उज्जैनचा प्रश्न तर याहून तीव्र आहे. 2011 मध्ये सव्वापाच लाखांच्या आतच लोकसंख्या असलेल्या त्या शहराला 2028 च्या सिंहस्थात जे पेलायचे आहे, त्याचा दरडोई सूत्राशी काहीच संबंध नाही. त्यासाठी स्वतंत्र तरतूद होते, हे ठीक आहे. पण रोजच्या रोज येणाऱ्या पाहुण्यांसाठी तशी सोय कोणत्याही सूत्रात नाही.

लोकसंख्येच्या पायऱ्यांवर नियम बांधण्याची सवयही तपासून पाहायला हवी. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरची शहरे वेगळी काढली. मध्य प्रदेशातून इंदूर, भोपाळ, जबलपूर आणि ग्वाल्हेर त्या यादीत आले. त्यांना मिळणारे सगळे अनुदान हवेचा दर्जा, पाणी, स्वच्छता आणि घनकचरा या कामगिरीशी बांधले गेले. दहा लाखांखालच्या नगरांना मात्र 40 टक्के रक्कम बंधनमुक्त मिळाली, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येणारी. 2011 मध्ये ग्वाल्हेरचा नागरी समूह 11 लाखांचा होता, म्हणजे तो पायरीच्या जेमतेम वर होता. दोन लाख माणसे कमी असती तर त्याला बंधनमुक्त पैसा मिळाला असता. कामगिरीची अट घालण्याला माझा विरोध नाही. कचऱ्याच्या बाबतीत इंदूरने काय करून दाखवले ते देशासमोर आहे. माझा आक्षेप इतकाच की, शहराच्या गरजा एका आकड्याशी येऊन एकदम उडी मारत नाहीत, मग अनुदानाचे स्वरूप तरी तिथे एकदम का बदलावे?

आता आकसणाऱ्या बाजूकडे वळतो. रामबाग, राजवाड्याचा परिसर या जुन्या भागांत मराठी कुटुंबांचे कितीतरी वाडे आहेत जिथे आता एखादे वृद्ध जोडपे राहते, किंवा नुसतेच कुलूप असते, कारण मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा बायपासकडच्या सदनिकेत गेली. त्या गल्लीतली माणसे कमी झाली म्हणून गल्ली आखूड झाली नाही. गटार तितकेच लांब आहे, दिवे तितकेच आहेत, आणि जुनी नळवाहिनी तर नव्यापेक्षा अधिक फुटते. निमाडातल्या किंवा झाबुआकडच्या ज्या गावांतून तरुण माणसे इंदूरला आली, त्यांच्याबाबतीतही हेच खरे आहे. शाळेची खोली, पाण्याची टाकी, पंचायतीचा सचिव हा खर्च माणसे निम्मी झाली तरी निम्मा होत नाही. उलट मागे राहिलेल्यांत म्हातारी माणसे आणि लहान मुले अधिक असल्यामुळे माणशी खर्च वाढतो. म्हणून वाढत्या ठिकाणाला त्याचा हिस्सा द्या असे म्हणताना, घटत्या ठिकाणाला किमान हमी द्या असेही त्याच दमात म्हणायला हवे. जपानने, जिथे खेडी झपाट्याने ओस पडत आहेत, आपल्या स्थानिक अनुदानाच्या हिशेबात वेगाने लोकसंख्या घटणाऱ्या संस्थांसाठी वेगळी दुरुस्ती ठेवली आहे. ऑस्ट्रेलियात स्थानिक संस्थांच्या साहाय्यासाठी दरवर्षीचा लोकसंख्या अंदाज वापरतात, आणि निधीचा एक किमान भाग माणशी सर्वांना राखून उरलेला गरजेप्रमाणे वाटतात. या दोन्ही गोष्टी आपल्याला अशक्य नाहीत.

यावर काही जाणकार असे म्हणतात की, वाढत्या शहरांनी अनुदानाकडे पाहूच नये, स्वतःचा संपत्तीकर नीट वसूल करावा. या म्हणण्यात तथ्य आहे. पंधराव्या आयोगानेही संपत्तीकराचे किमान दर अधिसूचित करण्याची आणि वसुली राज्याच्या उत्पन्नाबरोबर वाढवण्याची अट घातली होती, ती योग्यच होती. पण मध्य प्रदेशापुरता एक इतिहास विसरता येत नाही. 1976 मध्ये राज्याने जकात रद्द केली आणि तिच्या बदल्यात चुंगी क्षतिपूर्ती, म्हणजे जकातीची भरपाई, सुरू केली. जकात हा शहराच्या व्यापाराबरोबर आपोआप वाढणारा, शहराच्या नाक्यावर जमा होणारा पैसा होता. क्षतिपूर्ती भोपाळहून येते, किती येणार ते भोपाळ ठरवते, आणि कितीतरी नगरपालिकांचे पगार याच रकमेच्या भरवशावर होतात. महाराष्ट्राने 2017 मध्ये जकात आणि स्थानिक संस्था कराच्या भरपाईचा कायदा करताना दरवर्षी 8 टक्के चक्रवाढ निदान कायद्यात लिहिली. त्यातही लोकसंख्येला स्थान नाही, पण रक्कम तरी निश्चित आहे. ज्या शहराचा वाढता कर सरकारने स्वतःकडे घेतला, त्याला आता स्वतःच्या पायावर उभे राहा असे सांगताना, घेतलेल्या कराची भरपाई वाढत्या वस्तीप्रमाणे देण्याची जबाबदारी सरकारवर उरते.

दरवर्षीचा अंदाज काढायचा तर कशावरून, हा प्रश्न खरा अवघड आहे. मध्य प्रदेशात समग्र आयडी आहे, कुटुंबवार नोंद आहे, आणि ती पाहून अनेकांना वाटते की काम झालेच. पण समग्रमधली नोंद माणसासोबत हलत नाही. गावाकडचे रेशन किंवा योजनेचा हप्ता अडेल या भीतीने इंदूरात दहा वर्षे राहणारी कुटुंबे गावचीच नोंद ठेवतात, आणि त्यांची भीती अनाठायी म्हणता येत नाही. जन्मनोंदणीही फसवते, कारण जन्म रुग्णालयाच्या ठिकाणी नोंदला जातो आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या बाळंतिणी इंदूरला येतात. मतदारयादीत मुले नसतात. म्हणून कोणत्याही एका नोंदीवर विसंबू नये. घरगुती वीजजोडण्या, शाळांतली पटसंख्या, मतदारयादी आणि समग्र यांची एकमेकांशी पडताळणी करून, राज्य वित्त आयोगाच्या देखरेखीखाली, दरवर्षी प्रत्येक संस्थेचा अंदाज जाहीर करावा आणि त्यावर हरकती मागवाव्यात. असा अंदाज राजकीय दबावाखाली वाकवला जाईल, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण स्थानिक राजकारणात आकडा हे हत्यार असते. परंतु 2011 चा आकडा निर्दोष आहे म्हणून आपण तो वापरत नाही. त्यातला अन्याय रोज वाढतो आहे आणि त्याला कोणी उत्तरदायी नाही. जाहीर झालेल्या अंदाजाला निदान आव्हान देता येते.

देशपातळीवर लोकसंख्या आणि महसूल यांचा वाद उत्तर विरुद्ध दक्षिण असा रंगतो. पंधराव्या आयोगाने राज्यांच्या वाटपात लोकसंख्या नियंत्रणाच्या कामगिरीला 12.5 टक्के भार दिला, तो याच वादातून. कमी मुले होऊ देणाऱ्या राज्याला शिक्षा होऊ नये, हा तिथला युक्तिवाद रास्त आहे. मात्र राज्याच्या आत तो लागू पडत नाही. इंदूरची माणसे इंदूरच्या जननदरामुळे वाढलेली नाहीत, आणि झाबुआची गावे तिथल्या लोकांनी कुटुंबनियोजन केले म्हणून रिकामी होत नाहीत. माणसे कामामागे जातात आणि त्यांच्यामागे सार्वजनिक पैसा जायला हवा. पीथमपूरचे कारखाने धार जिल्ह्यात आणि तिथल्या पुष्कळ कामगारांची बिऱ्हाडे इंदूर जिल्ह्यात, अशा परिस्थितीत कोणत्या संस्थेला किती मिळावे हे दोन जिल्ह्यांनी एकत्र बसून ठरवायचे असते. राज्यघटनेच्या कलम 243 झेडईने दहा लाखांवरच्या महानगर क्षेत्रासाठी नियोजन समिती सांगितली आहे, ती अशाच कामासाठी. तिच्या हाती पैशाच्या वाटणीचा काहीच अधिकार नसेल तर ती नकाशे रंगवत राहील.

एप्रिल 2026 पासून सोळाव्या वित्त आयोगाचा पाच वर्षांचा काळ सुरू होतो आणि नवी जनगणना त्याच काळात येते. हा योग साधता येईल, पण त्यासाठी नियम आकडे येण्याआधी लिहिले गेले पाहिजेत, कारण आकडे आल्यावर प्रत्येकाला आपला फायदातोटा कळतो आणि मग तत्त्वाची चर्चा होत नाही. राज्य वित्त आयोगाने आत्ताच चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. 2027 चे गाव आणि वॉर्डवार तक्ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या आर्थिक वर्षापासून वाटे पाच समान हप्त्यांत नव्या लोकसंख्येकडे सरकतील. या काळात कोणत्याही संस्थेची रक्कम आधीच्या वर्षापेक्षा रुपयांत कमी होणार नाही. वाढत्या संस्थांचा जादा हिस्सा निधीत दरवर्षी होणाऱ्या वाढीतून दिला जाईल आणि ती वाढ पुरली नाही, तर उरलेली रक्कम राज्य आपल्या तिजोरीतून घालील. आणि एखादे गाव नगर निगमात समाविष्ट होईल, तेव्हा त्याची लोकसंख्या समावेशाच्या दिवशीची मोजली जाईल, दहा वर्षांपूर्वीची नाही.